‘बनावट’, ‘बनावटीचे’ आणि जर्मन कॅमोफ्लाज

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन कॅमोफ्लाज (म्हणजे आसपासच्या परिसरात मिसळून जाणाऱ्या रंगनमुन्याच्या) कपड्यांच्या आणि हेल्मेटांच्या संग्रहाबद्दल मराठीत लिहिताना ‘ओरिजिनल’, ‘रिप्रॉडक्शन’ आणि ‘फेक’ यांना कोणते शब्द वापरावेत? प्रश्नकर्त्याच्या मसुद्यात शेवटच्या दोन्हींना ‘नकली’ म्हटले आहे आणि एका वस्तूखाली ‘जर्मन बनावट हेल्मेट’ अशी ओळ आहे.

आधी ती ओळच दुरुस्त करू. ‘भारतीय बनावटीची युद्धनौका’ म्हणजे इथे बांधलेली आणि ‘बनावट नोट’ म्हणजे खोटी, एवढे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ‘बनावट’ नाम असताना त्याचा अर्थ घडण असा होतो; विशेषण झाले की ते फसवणुकीवर येते. ‘जर्मन बनावट हेल्मेट’ या ओळीत ते नेमके मधे लटकले आहे. जर्मनीत घडवलेले हेल्मेट, की जर्मन म्हणून खपवलेले? (धूर्त विक्रेता ही ओळ मुद्दाम अशीच ठेवील.) ‘जर्मन बनावटीचे’ लिहा, नाहीतर सरळ ‘बनावट’ लिहा.

‘नकली’ची गोष्ट वेगळी. ‘नक्कल’ बिचारी निष्पाप आहे. कोर्टातून निकालाची नक्कल मिळते, भूमी अभिलेखातून नकाशाची मिळते, आणि ती सहीशिक्क्यासह असते. जुन्या दप्तरांतही अस्सल कागद आणि त्याची नक्कल किंवा तालिक असा साधा भेद आहे, त्यात कुणावर आरोप नाही. ‘नकली’ म्हटले की मात्र आरोप आलाच. युद्धाचे प्रसंग पुन्हा उभे करणारे हौशी लोक आज शिवलेले डगले उघडपणे घालतात. त्या डगल्यांना ‘नकली’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांच्यासाठी ‘प्रतिकृती’ हा शब्द ठीक. तोच डगला कुणी आतली नवी पट्टी कापून, चहाच्या पाण्यात बुडवून, कोपरांवर घासून ‘आजोबांच्या पेटीतला’ म्हणून विकला, की तो बनावट. वस्तूत फारसा फरक पडला नाही, हेतू बदलला. या घासाघाशीला ‘जुनवट करणे’ म्हणावे. जुनवट म्हणजे जुन्यासारखे दिसणारे, जुने असेलच असे नाही.

आता ‘अस्सल’. हा शब्द चांगला आहे, पण एकटा पुरत नाही, कारण लगेच ‘अस्सल काय?’ असा प्रश्न येतो. तेव्हाच्या जर्मन सैन्याने, राइखस्वेरने, 1931 साली त्रिकोणी ‘त्सेल्टबान’, म्हणजे तंबूची कापडी ताडपत्री, आणली. पावसात अंगावर घ्यायची, चौघांनी आपापली एकमेकांना बटणांनी जोडली की तंबू. तिच्यावर टोकदार ठिकऱ्यांसारखे ठिपके आणि वरून पावसासारख्या हिरव्या रेघा होत्या. ‘श्प्लिटर’ नाव त्या ठिकऱ्यांवरून पडले. पण 1955 साली उभ्या राहिलेल्या पश्चिम जर्मन सैन्याने आरंभीच्या काही वर्षांत हाच नमुना पुन्हा वापरला, आणि सीमा-पोलिसांनीही त्याच कुळातला दलदलीचा नमुना पुढे चालवला. हे कपडे खरोखर जर्मन, खरोखर सरकारी, खरोखर जुने आहेत. युद्धातले मात्र नाहीत. त्यांना बनावट म्हणता येत नाही आणि नुसते ‘अस्सल’ म्हणून गप्पही बसता येत नाही. इथे ‘युद्धकालीन’ आणि ‘युद्धोत्तर’ हे शब्द जोडावेच लागतात.

हा भेद तपासणीतही उपयोगी पडतो, कारण प्रत्येक कसोटी वेगळ्या शब्दाचे उत्तर देते. शिवणीतला धागा जाळल्यावर वितळून कडक गोळी झाली तर तो सुती नव्हे, बहुधा पॉलिएस्टर. पॉलिएस्टरचे पेटंट इंग्लंडमध्ये 1941 साली घेतले गेले आणि बाजारात तो युद्धानंतर आला. म्हणजे धागा पॉलिएस्टरचाच असेल, तर निदान ती शिवण युद्धोत्तर. कापडाबद्दल याने काहीच सिद्ध होत नाही, दुरुस्तीही असू शकते. अतिनील दिव्याखाली कापड निळसर चमकले की लोक लगेच ‘नकली’ म्हणतात. ती चमक शुभ्रता वाढवणाऱ्या रसायनांची असते, आणि ती युद्धानंतर धुण्याच्या पावडरींत सर्रास आली. खरा युद्धकालीन डगला कुणा काकूंनी एकदा पावडरीत धुतला असेल, तर तोही चमकेल. आतल्या शिक्क्यावर मी सर्वांत कमी भिस्त ठेवीन. शिक्का मारणे सोपे, विणकाम आणि छपाई साधणे अवघड.

नावांबाबत एक सावधगिरी. एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या, कपड्यांवरच्या नमुन्यांना ‘प्लेन-ट्री’, ‘ओक-लीफ’, ‘पाम’ म्हणतात, पण ही नावे युद्धानंतर संग्राहकांनी पाडलेली आहेत. मराठीत ‘ओक-पान नमुना’ लिहायला हरकत नाही, फक्त त्याला अधिकृत जर्मन नाव म्हणू नये. ‘कॅमोफ्लाज’लाही ‘मायावरण’, ‘छद्मावरण’ असे शब्द सुचवले जातात. कपड्याच्या वर्णनात मला तरी ‘कॅमोफ्लाज’च बरा वाटतो.

राहिले मसुद्यातले हेल्मेट. त्याचे पोलाद, आतले चामडे आणि रिव्हेट युद्धातले आहेत, तीन रंगांचा कॅमोफ्लाज मात्र अलीकडे चढवलेला आहे, असे प्रश्नकर्ता स्वतःच लिहितो. साध्या हेल्मेटापेक्षा रंगवलेल्याला भाव जास्त, म्हणून हा उद्योग पुष्कळ चालतो. अशा वस्तूला एका विशेषणात बसवण्याचा हट्ट सोडावा. मी खाली एवढेच लिहीन: ‘जर्मन बनावटीचे हेल्मेट. टोप आणि अस्तर अस्सल, युद्धकालीन. रंग मागाहूनचा, जुनवट केलेला.’