वाचकांचे प्रश्न : रोमचा पात्रोनुस आणि त्याचे आश्रित

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. वकिलाच्या अशिलाला आपण सर्रास ‘क्लायंट’ म्हणतो. रोममध्ये श्रीमंतांच्या दारी जमणाऱ्यांनाही हाच शब्द वापरलेला दिसतो. दोन्हींचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आहे, आणि अगदी थेट आहे. लॅटिनमध्ये आश्रय देणारा तो ‘पात्रोनुस’ (मुळाशी ‘पातेर’, म्हणजे बाप) आणि त्याच्या छत्राखालचा तो ‘क्लिएन्स’. आश्रितावर खटला झाला की त्याच्या बाजूने उभं राहणं हे पात्रोनुसचं कर्तव्य. त्यामुळे पुढे कोर्टात दुसऱ्यासाठी बोलणाऱ्या कोणालाही पात्रोनुस म्हणू लागले. फी मात्र घ्यायची नाही! इ.स.पू. २०४ च्या किंकिया कायद्याने तशी बंदीच घातली होती. ती सर्रास मोडली जाई, म्हणून सम्राट क्लाउदियुसने अखेर इ.स. ४७ मध्ये १०,००० सेस्तेर्तियुसपर्यंत (हे रोमन नाणं) फी घ्यायला मुभा दिली.

हे नातं टिकायचं ‘फिदेस’वर, म्हणजे दिल्या शब्दाच्या भरवशावर. इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यात म्हटलंय, ‘पात्रोनुसने आश्रिताला फसवलं, तर तो साकेर होवो.’ साकेर म्हणजे देवांच्या हवाली केलेला. त्याला कोणी मारलं तरी तो खून ठरत नसे. इतकी कडक शिक्षा बलवानाला सांगितली आहे, दुबळ्याला नाही. या कायद्याबद्दल मला फार आदर वाटतो, आणि वर्गात शिकवताना मी या ओळीवर हमखास थांबते.

रोजचा व्यवहार साधा होता. उजाडताच जाडजूड तोगा गुंडाळून आश्रित दिवाणखान्यात मुजऱ्याला हजर. याला ‘सालुतातिओ’ म्हणत. निघताना हाती ‘स्पोर्तुला’ पडे. शब्दाचा अर्थ छोटी टोपली. आधी तीत शिधा असे, पुढे रोख पैसे आले. कवी मार्शलच्या काळात, इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस, हा दर १०० क्वाद्रान्स (अगदी हलकं रोमन नाणं) होता. एका क्वाद्रान्समध्ये सार्वजनिक स्नानगृहात अंघोळ होई. अशा शंभर नाण्यांसाठी पहाटे शहरभर चालत जायचं, हे वाचताना मला त्या माणसांची फार कणव येते.

प्रतिष्ठित माणसाला मात्र तोंडावर कोणी ‘क्लिएन्स’ म्हणत नसे. त्याला म्हणायचं ‘आमिकुस’, मित्र. मानी माणसांना क्लिएन्स म्हणवून घेणं मरणासमान वाटतं, असं रोमचा नामांकित वकील आणि वक्ता सिसेरो यानेच इ.स.पू. ४४ मध्ये लिहून ठेवलंय.

तुम्ही कायदा शिकताय, तर वेरेसवरची त्याची भाषणं जरूर वाचा. सिसिलीचे पिढीजात पात्रोनुस मार्केल्लुस घराण्याचे. त्यांच्या पूर्वजाने इ.स.पू. २१२ मध्ये सिराक्यूज जिंकलं होतं. पण इ.स.पू. ७० मध्ये लुटारू सुभेदार वेरेसला कोर्टात खेचायची वेळ आली, तेव्हा सिसिलीची माणसं गेली सिसेरोकडे. पाच वर्षांपूर्वी तो त्यांच्याकडे खजिन्याचा अधिकारी होता, आणि जाताना गरज पडली तर धावून येण्याचा शब्द देऊन गेला होता.