पहिल्या महायुद्धात ‘अक्ष राष्ट्रे’ होती का?

‘पहिल्या महायुद्धात अक्ष राष्ट्रांचा पराभव झाला’ हे वाक्य बरोबर आहे का, असं एका वाचकाने विचारलं आहे.

नाही. ‘अक्ष राष्ट्रे’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मनी, इटली आणि जपानची बाजू. ‘अक्ष’ हा शब्द या अर्थाने रुळला तो १९३६ नंतर. त्या वर्षी १ नोव्हेंबरला मिलानच्या भाषणात मुसोलिनीने रोम-बर्लिन रेषेला अक्ष म्हटलं. गाडीच्या चाकाचा आस तोच हा. बाकीच्या युरोपने आपल्याभोवती फिरावं, ही ऐट त्यात आलीच. जपान रीतसर सामील झाला तो २७ सप्टेंबर १९४० च्या कराराने.

पहिल्या युद्धातली जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी, तुर्कस्तान आणि बल्गेरिया ही ‘मध्यवर्ती सत्ता’. एकीकडे रशिया, दुसरीकडे फ्रान्स-ब्रिटन, त्यांच्या मधली म्हणून. कुणी ‘केंद्रीय सत्ता’ लिहितात, पण ते वाचून मला तरी दिल्लीचं सरकारच आठवतं.

खरा घोळ ‘दोस्त राष्ट्रे’मुळे होतो. हा शब्द दोन्ही युद्धांना चालतो, त्यामुळे समोरची बाजूही तीच असणार असं वाटून जातं. प्रत्यक्षात इटली आणि जपान पहिल्या खेपेला दोस्तांकडे होते. इटलीच्या कोलांट्यांमागे बरंचसं वसाहतींचंच राजकारण आहे. ट्युनिसवर तिचा डोळा होता, ते १८८१ मध्ये फ्रान्सने बळकावलं. त्या रागात ती पुढच्याच वर्षी जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात गेली. १९१४ मध्ये मात्र गप्प बसली आणि एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करार करून दोस्तांना मिळाली. त्याचं १३ वं कलम पाहा: ब्रिटन-फ्रान्सने आफ्रिकेतल्या जर्मन वसाहती घेतल्या, तर इटलीला भरपाई मागता येईल. युद्धानंतर टांगानिका ब्रिटनकडे गेला, रुआंडा-उरुंडी बेल्जियमकडे, विषुववृत्ताच्या उत्तरेची पॅसिफिकमधली बेटं जपानकडे. इटलीला यातली एकही वसाहत नाही! चक्क तोंडाला पानं पुसली. मुसोलिनीने हा सल पुरेपूर वापरला, १९३५ मध्ये इथिओपियावर चाल केली, राष्ट्रसंघाने निर्बंध लादले आणि तो हिटलरच्या आणखी जवळ सरकला.

‘दोस्त’ लिहितानाही साल बघावं. पहिल्या युद्धात अमेरिका स्वतःला दोस्त म्हणवत नव्हती, ‘सहयोगी’ म्हणवत होती. आणि सोव्हिएत रशियाला जून १९४१ च्या आधी दोस्त राष्ट्रांत बसवू नये. तोवर त्याचा जर्मनीशी अनाक्रमण करार होता.