बटण खरं बोलतं, पण स्वतःपुरतं

प्रश्न : आमच्या वाड्यातल्या पेटीत एक खाकी सुती कोट निघाला. पुढे पितळी बटणं, त्यांवर ढालीच्या दोन बाजूंना सिंह आणि एकशिंगी घोडा. खांद्यांवर इंग्रजीत १४ आणि पुढे 'एच', तेही पितळी. घरात पूर्वापार सांगतात, की १८५८ साली झाशीच्या वेढ्यात असलेल्या गोऱ्या घोडेस्वाराचा हा कोट. यात कितपत तथ्य? बटणं लखलखीत करून कोट काचेत लावायचा विचार आहे. (एक वाचक, वाई)

उत्तर : आधी पितांबरी खाली ठेवा. चिंचही नको. घासलेल्या बटणावरची नक्षी झिजते आणि आपल्याला ती नक्षीच वाचायची आहे.

तुमच्या घरच्या गोष्टीला आधार आहे. झाशीला इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजेत चौदावा रिसाला होता. पण तेव्हा त्याचं नाव 'लाइट ड्रगून्स'. त्याचे 'हुसार्स' झाले १८६१ साली, आणि 'एच' म्हणजे हुसार्स. दोन्ही नावं हलक्या घोडदळाचीच. पुढे १९२२ मध्ये हा रिसाला विसाव्या हुसार्समध्ये मिसळला, त्यामुळे नुसतं चौदा उरलं नाही. म्हणजे तुमची अक्षरं १८६१ ते १९२२ यांमधली. खांद्यावर धातूची अक्षरं लावण्याची पद्धत त्यातल्या शेवटच्या काही दशकांतली, म्हणून मी १९०० च्या आसपास किंवा नंतर म्हणेन. पहिल्या महायुद्धात हा रिसाला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होता, तिथल्या उन्हात सुती खाकीच चाले. मात्र एकट्या खाकी रंगावर जाऊ नका. १८५७-५८ मध्येही पांढरे कपडे रंगवून खाकी केले जात.

आता भिंग घ्या आणि बटणावरचा मुकुट पाहा. त्याच्या कमानी मधोमध खाली दबल्या असतील तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, १९०१ पूर्वीचा. कमानी घुमटासारख्या वर चढल्या असतील तर १९०१ नंतरचे राजे. दबलेला मुकुट १९५३ नंतर एलिझाबेथ राणीबरोबर परत आला, तिथे भलेभले फसतात. पण ती नवी बटणं बहुधा अॅल्युमिनियमची असतात. हातात घेतली की वजनच लागत नाही, आणि पिवळेपणाही जरा उथळ. बटण उलटं करून मागची अक्षरंही वाचा. फर्मिन, गॉण्ट अशी कारखानदारांची नावं तिथे कोरलेली असतात. सिंह-घोड्याच्या बटणावरून रिसाला मात्र कळणार नाही. १८७१ पासून बहुतेक रेजिमेंटांच्या साध्या शिपायांना हेच एकसारखं बटण मिळू लागलं.

एवढं झालं तरी वय कळलं ते बटणाचं. कॅम्पात लष्करी कपडे शिवण्यात माझी हयात गेली, म्हणून हे ठासून सांगतो. खाकी सुती कोटाची बटणं शिवलेली नसतात. बटणाची कडी कापडातल्या भोकातून आत जाते आणि आतून रिंग अडकवतात, धोब्याकडे देताना सगळी काढून ठेवता यावीत म्हणून. जी धुवायला निघतात ती दुसऱ्या कोटाला लागायला किती वेळ? बाजारात तर रिकाम्या कोटाला बटणं लावूनच किंमत वाढवतात. तेव्हा कोट आतून बघा. भोकांच्या काठचे टाके जुन्या दोऱ्याचे आहेत का? पितळाचा हिरवट डाग कापडावर उतरलाय का? खांद्यावरची अक्षरं हलक्या हाताने काढा. खालचं कापड त्याच आकारात गडद असेल तर ती वर्षानुवर्षं तिथेच होती. सगळीकडे सारखंच विटलेलं असेल, तर अक्षरं मागाहून आली.

जाता जाता, या रिसाल्याने १८१३ साली स्पेनमध्ये व्हितोरियाच्या लढाईत नेपोलियनच्या भावाचं, जोसेफचं, चांदीचं मूत्रपात्र लुटून आणलं. त्यांच्या मेसमध्ये पुढे त्यातून शॅम्पेन पीत. हे काचेतल्या पाटीवर लिहायचं की नाही, ते घरात ठरवा.

प्रश्न : जुन्या बाजारात हत्तीचं पितळी बटण घेतलं. वर इंग्रजीत 'असाये' आहे. विकणारा म्हणाला म्हैसूरचं. मागे दोन कड्या आहेत. (एक वाचिका, पुणे)

उत्तर : दोन कड्या असतील तर ते बटण नव्हे, गळपट्टीचा बिल्ला. दोन्ही कड्या कापडातून आत घालून मागून पिन अडकवायची. आणि म्हैसूर कुठलं? 'असाये' म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीने तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हत्तीचा मान मिळाला तो एकोणिसाव्या लाइट ड्रगून्सना आणि ७४ व ७८ क्रमांकाच्या पायदळ पलटणींना. त्यामुळे हत्ती दिसला की घोडेस्वार, असं धरू नका. एकोणिसावा रिसाला १८२१ मध्ये मोडला. त्याच क्रमांकाचे हुसार्स १८६० नंतर नव्याने उभे राहिले, आणि पुढे हा हत्ती त्यांच्याकडे आला. त्यांचा असला तरी बिल्ला लढाईनंतर निदान दोन पिढ्यांनी घडलेला आहे. १८०३ चे पैसे मागितले असतील तर देऊ नका. दिले असतील तर कड्या तरी मोडू देऊ नका, त्या शाबूत असल्या की पुढच्या गिऱ्हाइकाकडून थोडे वसूल होतात.