ज्ञानेंद्रियं पाचच? मुलीला काय सांगायचं

ताई, तुमच्या मुलीच्या पुस्तकात ज्ञानेंद्रियं पाच आहेत आणि मोबाइलवर तिला कुठे नऊ तर कुठे एकवीस दिसली, मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय. परीक्षेत पाचच लिहू द्या, मार्क जायला नकोत. घरी मात्र सांगा, की हे बाहेरून दिसणाऱ्या अवयवांचे पाच आहेत. ॲरिस्टॉटलनं सुमारे २,३०० वर्षांपूर्वी हेच पाच धरले, आपल्या परंपरेतही पाचच. शरीरातले संवेदक, म्हणजे बदल टिपून मेंदूला कळवणारे बारीक भाग, मोजायला बसलं की आकडा वाढतो, आणि किती वाढतो ते कशाला वेगळं धरायचं यावर ठरतं. म्हणून सगळ्यांना मान्य असा एक आकडा नाही. पाच अपुरे आहेत, एवढं मात्र पक्कं.

तिला फुगडी घालायला लावा. थांबल्यावरही अंगण फिरतंच ना? आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. आपण थांबलो तरी त्यांतला द्रव क्षणभर वाहत राहतो, तिथल्या बारीक केसांना वाकवतो, आणि मेंदूला वाटतं अजून फिरतोच आहोत. ही तोलाची जाणीव. कानातच आहे, पण ऐकण्याशी तिचा संबंध नाही.

दुसरी याहून मोलाची. रात्रीची लाइन आली की कास्तकार अंधारात धुऱ्यावरून मोटर सुरू करायला जातो. पाय दिसत नाही, तरी बरोबर पडतो, कारण स्नायू आणि सांध्यांतले संवेदक हातपाय कुठे आहेत ते सतत कळवत असतात. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०६ मध्ये याला प्रोप्रिओसेप्शन म्हटलं. इयान वॉटरमन या इंग्रज माणसाची ही जाणीव १९७१ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, एका आजारानं मानेखाली गेली. स्नायूंत ताकद होती, पण हात कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळेना. चालणं तो पुन्हा शिकला, तेही पायांकडे बघत. तुमच्याकडे कुणाला जुनी शुगर असेल आणि पाय बधिर पडत असतील, तर अंधारात त्यांचा तोल का जातो, तेही यातून कळेल.

तिखट ही चवच नाही. भिवापुरी मिरची कुटून झाल्यावर बायांचे हात तासन्‌तास जळतात, आणि हाताला काही जीभ नसते. सुमारे ४३ अंशांपुढची उष्णता ओळखणारा जो संवेदक कातडीतल्या नसांत आहे, त्यालाच मिरचीतलं कॅप्सेसिन चेतवतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला. स्पर्श आणि दाब ओळखणारे संवेदक आर्डेम पटापुटियन यांनी शोधले, आणि २०२१चं नोबेल दोघांना मिळालं. पुस्तकात ‘त्वचा’ या एका शब्दात स्पर्श, ऊन-थंडी आणि वेदना सगळं कोंबलेलं आहे, हे मला खटकतं.

भूक, लघवीची भावना, श्वास रोखल्यावरची तगमग या आतल्या जाणिवाही यात येतात. त्यातली तहान आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाची. रक्त घट्ट होऊ लागलं की मेंदूतले संवेदक तहान लावतात, पण वय वाढतं तशी ही जाणीव मंदावते. मे महिन्यात आजोबा ‘मला तहान नाही’ म्हणतात ते खरंच असतं, पाणी मात्र अंगात कमी झालेलं असतं. तेव्हा विचारत बसू नका, दर तासाभरानं माठातलं थोडं पाणी हातात द्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.