अध्यापनाच्या आणि शिकण्याच्या मूल्यमापनाला कारखान्यातील गुणवत्ता व्यवस्थापनाची तत्त्वे लागू पडतात का? सुरुवात कोठून करावी?

लागू पडतात, मात्र महाविद्यालये त्यांतले नेमके निरुपयोगी तेवढेच उचलतात. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात गुणवत्ता नियंत्रणाचे काम करून मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवू लागलो, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.

आमच्याकडे सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून प्रतिसादपत्रे भरून घेत आणि सरासरीनुसार प्राध्यापकांची क्रमवार यादी लावत. ४.१ मिळालेला ३.९ मिळालेल्याहून सरस, एवढाच हिशेब. माझे नाव तळाला गेले तेव्हा प्राचार्यांनी लेखी खुलासा मागितला. मी विभागातील सर्वांचे मागील सत्रांचे गुण नियंत्रण आलेखावर, म्हणजे सरासरीच्या वर आणि खाली नेहमीच्या चढउतारांची एकेक मर्यादा आखलेल्या आलेखावर, मांडून नेले. जवळजवळ सगळे चढउतार दोन्ही मर्यादांच्या आत होते, म्हणजे त्यांवरून कोणाला शाबासकी किंवा ताकीद देण्यात अर्थ नव्हता. असे चढउतार व्यवस्थेतूनच येतात, आणि गुणवत्ता व्यवस्थापनाचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग तर ९४ टक्के दोष व्यवस्थेचेच मानत. मर्यादेबाहेर गेलेला एकमेव बिंदू माझा होता, कारण त्या सत्रात माझा तास शेवटचा होता आणि गुहागरकडची मुले एस.टी. चुकू नये म्हणून तासाच्या मध्येच उठून जात. वेळापत्रक मी करीत नव्हतो. आलेख फाईलला लागला आणि खुलाशासाठी स्मरणपत्र आले.

सुरुवात मोजमापाच्या साधनापासून करावी. कारखान्यात उपकरणाचे कॅलिब्रेशन, म्हणजे ते अचूक मोजते का याची प्रमाणाशी ताडून पडताळणी, झाल्याशिवाय नमुना तपासत नाहीत. येथे मात्र एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडून स्वतंत्रपणे तपासून गुणांतील तफावत पाहण्याचीही तसदी कोणी घेत नाही, आणि त्याच गुणांवर महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेसाठी निष्पत्तीचे, म्हणजे विद्यार्थी काय शिकले याचे, तक्ते भरले जातात. दुसरे म्हणजे, अंतिम तपासणीवर विसंबू नका, हे डेमिंग यांच्या चौदा सूत्रांपैकी तिसरे सूत्र आहे; म्हणून काय समजले नाही ते मुलांकडून सत्र चालू असतानाच चिठ्ठीवर, नाव न घालता, लिहून घ्यावे आणि पुढच्या तासाला शिकवणे बदलावे. यादी लावणे तर बंदच करावे, कारण भीती घालवा असे आठवे सूत्र सांगते आणि यादीमुळे प्राध्यापक सोप्या प्रश्नपत्रिका काढू लागतात.

विद्यार्थी म्हणजे कच्चा माल नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. शिवाय वीसेक मुलांच्या वर्गात दोन नाराज मुलांनीही सरासरी हलते, त्यामुळे तेथे आलेखापेक्षा त्या दोघांशी बोललेले बरे.