खिडकी पावसात रंधू नका

बेळगावच्या पावसात जुन्या सागवानी खिडकीची झडप अडकली की सगळे आधी रंधा मारतात. तीच मोठी चूक. लाकूड फुगलेलं असतं. रंधलेलं लाकूड उन्हाळ्यात आकसलं की फट पडते. दिवाळीनंतर हात घाला, तेही एका वेळी एकाच खिडकीला.

- चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात पेचकस टोचून बघा. टोक सहज रुतलं तर लाकूड कुजलंय, तेवढाच तुकडा बदलायचा; टणक लागलं तर खिडकी वाचली.
- झडप लोंबत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू आवळा. माझ्या निम्म्या खिडक्या तेवढ्यानंच सुधारल्या!
- जुन्या रंगात शिसं असू शकतं. पॉलिश पेपर ओला करूनच घासा, तोंडाला मास्क, पोरांना लांब ठेवा.

बिजागरीवर रंग फासू नका. लांबी (भेगा भरायची पुट्टी) आणि पॉलिशचं नंतर सांगतो. जुनं सागवान आहे, नक्की जमेल तुम्हाला.