६०० शब्द पाठ झाले तरी तोंडातून फक्त 'येस' का निघतं

वहीत ६०० शब्द अर्थासकट पाठ झालेत, पण समोरचा इंग्लिशमध्ये बोलायला लागला की घशाला कोरड पडते आणि 'येस येस' करून सुटका करून घेतो, आता पुढचे ६०० पाठ करू की दुसरं ॲप घेऊ, असं विचारलंय तुम्ही. त्यातलं ते 'येस येस' वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. पुढचे ६०० राहू द्या हो, पळून जात नाहीत. आधी ते 'येस' आवरा.

आधीच सांगते, मी शिक्षिका वगैरे नाही. व्याकरणात चुकले तर जाणकारांनी सुधारावं.

माझं पण एक रजिस्टर होतं. डिक्शनरी उघडून 'ए'पासून सुरुवात केलेली, त्यामुळे 'अबँडन म्हणजे त्याग करणे' तोंडपाठ आणि 'व्हेन', 'हू', 'व्हिच' यांची पाळी येईपर्यंत मी म्हातारी झाले असते. 'माइंड' समोर लिहिलं होतं 'मन'. मग एका ठिकाणी केबिनमधल्या बाईंनी छान हसून विचारलं, 'वुड यू माइंड वेटिंग आउटसाइड?' मला कळलं ते मन, थांबणे, बाहेर. मी जोरात 'येस मॅडम' म्हटलं आणि तिथेच बसून राहिले. म्हणजे त्यांनी विचारलं बाहेर थांबायला काही हरकत आहे का, आणि मी सांगितलं हो आहे, आणि वर खुर्चीही सोडली नाही! याचं उत्तर 'नो, नॉट ॲट ऑल' असतं आणि उठायचं असतं, हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं.

हे हसण्यावारी गेलं. पण खरा फटका बसला तो फोनवर. एका ऑफिसात नोकरीसाठी अर्ज केला होता, लेखी परीक्षेची तारीख पत्राने कळवणार होते. पत्र काही येईना म्हणून मीच फोन केला, काय बोलायचं ते कागदावर लिहून समोर ठेवलेलं. माझं वाक्य कसंबसं झालं. पलीकडून आलं, 'सो यू हॅवन्ट रिसीव्ह्ड अवर लेटर?' आता ही वाक्यरचना कळायला रजिस्टर लागत नाही, तेवढं मला समजलं होतं. मनात आलं, हो ना, नाही मिळालं. तोंडातून आलं, 'येस.' तो म्हणाला, 'ओह, यू हॅव? गुड.' इतकं भरभर की मला फक्त 'गुड' ऐकू आलं. मी म्हटलं 'येस येस, थँक यू', आणि फोन ठेवून खूश होऊन बसले की आता दुसरं पत्र पाठवतील.

दोन आठवडे वाट बघितली. मग प्रत्यक्ष गेले तर परीक्षा होऊन गेलेली. माझ्या नावापुढे शेरा होता की पत्र मिळाल्याचं उमेदवाराने स्वतः फोनवर सांगितलंय. आणि जीव कशाने जळला सांगू, तो शेरा मला वाचून दाखवणारा माणूस शेजारच्या टेबलाशी अगदी झकास मराठीत गप्पा मारत होता! मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्लिशमध्येच. एकदा, फक्त एकदा मराठीत विचारलं असतं की पत्र मिळालं का, तर काय बिघडलं असतं? शेरा बदलता येत नाही म्हणे. पुढच्या वेळी अर्ज करा म्हणे. असो. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही.

तर मुद्दा असा. आपल्याला कोणी विचारलं 'तू काल आला नाहीस ना?' तर आपण म्हणतो 'हो, नाही आलो'. आपला 'हो' समोरच्याच्या वाक्याला असतो, म्हणजे तू म्हणतोस ते बरोबर आहे. इंग्लिशचा 'येस' आणि 'नो' प्रत्यक्ष काय घडलं त्याला असतो. प्रश्नात 'नॉट' असो नसो, गोष्ट झाली असेल तर 'येस', झाली नसेल तर 'नो'. पत्र मिळालं नाही, तर प्रश्न सुलटा असो की उलटा, उत्तर 'नो, आय हॅवन्ट'. आणि ते शेपूट लावायचंच, नुसतं 'नो' म्हणून थांबायचं नाही, कारण घाईत पहिला शब्द चुकला तरी शेपटावरून समोरच्याला शंका तरी येते. मी 'येस, आय हॅवन्ट' म्हटलं असतं तरी त्याने परत विचारलं असतं. ज्या क्लासला मी महिनोन्महिने फी भरली तिथे बारा काळांचा तक्ता भिंतीवर होता, 'आय शॅल हॅव बीन गोइंग' पण घोकून घेतलं, ते वाक्य मी आजतागायत कुणाला बोललेली नाही. हे 'येस-नो'चं मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही.

दुसरं कारण जास्त सरळ आहे. न समजल्यावर काय म्हणायचं हेच माहीत नसतं, म्हणून आपण 'येस' म्हणतो. त्यामुळे माझ्या मते (माझ्याच हं, दुसऱ्यांचं वेगळं असेल) 'ॲपल', 'बॉल'च्याही आधी न समजल्याची वाक्यं शिकावी. 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट.' 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?' 'अ लिटल स्लोअर, प्लीज.' 'व्हॉट डझ दॅट मीन?' आणि सगळ्यात कामाचं, 'डू यू मीन...' म्हणून आपल्याला जे कळलं ते मोडक्यातोडक्या शब्दांत परत विचारायचं. 'डू यू मीन, आय वेट आउटसाइड?' व्याकरण जरा लंगडतंय, चालतं, काम होतं. ही वाक्यं मनात नाही, मोठ्याने म्हणून बघा, जिभेला सवय पाहिजे.

आता वहीचं. शब्दासमोर एक मराठी शब्द लिहिणं बंद करा असं मी सांगेन. का, तर आपला 'लावणे' घ्या. दार लाव, दिवा लाव, फोन लाव, गजर लाव, मलम लाव, गाणं लाव. आपल्याला एकच क्रियापद. इंग्लिशमध्ये दार 'क्लोज', दिवा 'टर्न ऑन', फोनला नुसतं 'कॉल', गजर 'सेट', मलम 'पुट ऑन', गाणं 'प्ले'. आता सांगा, वहीत 'लावणे' समोर काय लिहाल? उलटीकडून त्यांच्या 'गेट'चंही तेच, मिळणं, पोचणं, समजणं, 'गेट अप' उठणं, 'गेट ऑफ' उतरणं. म्हणून सुटा शब्द लिहूच नका, आख्खा तुकडा लिहा, 'टर्न ऑन द लाइट', तोही तुम्ही खरंच कधी बोलाल असा.

अजून एक खोड म्हणजे आपली 'मला'ची वाक्यं. मला भूक लागली, मला ताप आलाय, मला आवडतं, मला माहितीये, मला वाटतं, मला दोन भाऊ आहेत. इंग्लिशमध्ये हे सगळे 'आय'ने सुरू होतात, पुढचं फक्त बदलतं. 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव अ फीव्हर', 'आय लाइक इट', 'आय नो', 'आय थिंक', 'आय हॅव टू ब्रदर्स'. मी कैक दिवस 'इंग्लिश इज नॉट कमिंग टू मी' म्हणत होते, मला इंग्लिश येत नाही याचं शब्दाला शब्द! दिवसभरात आपण 'मला' म्हणून काय काय बोलतो ते एक दिवस लिहून काढा, वीसेक वाक्यं सहज निघतील, आणि तीच तुमची पहिली वीस.

किती शब्द लागतात हा प्रश्न तुम्ही सरळ विचारला नाहीत पण ६००च्या मागे तोच आहे. चार्ल्स ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञांनी १९३० मध्ये 'बेसिक इंग्लिश' नावाची सोपी केलेली इंग्लिश मांडली तिच्यात शब्द फक्त ८५०, आणि त्यातली क्रियापदं अवघी १८, 'गेट', 'गिव्ह', 'टेक', 'पुट', 'मेक', 'गो' अशी साधीसुधी. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी सरकारी रेडिओने १९५९ मध्ये शिकणाऱ्यांसाठी सावकाश वाचलेल्या बातम्या सुरू केल्या, त्या सुमारे १५०० शब्दांत भागवायचे, म्हणजे जगभराच्या बातम्या त्यात बसतात. तेव्हा तुमचे ६०० कमी नाहीयेत, ते सुटे पडलेत इतकंच. शिवाय टेबल, टाइम, लेट, फोन, नंबर असे शेकडो शब्द आपण मराठीत रोज बोलतोच, ते वहीत लिहून वही फुगवू नका. फक्त आपला अर्थ तपासा, आपली 'लाइट गेली' त्यांच्याकडे 'द पॉवर इज आउट' असते.

फोनवर बोलत असाल तर जाता जाता दोन गोष्टी. 'कॅन' आणि 'कान्ट' ऐकायला घोळ होतो, तुम्ही स्वतः 'कॅनॉट' म्हणा, जुनाट वाटलं तरी. आणि 'थर्टीन' की 'थर्टी' असं वाटलं की लाजायचं नाही, 'वन थ्री ऑर थ्री झीरो?' विचारायचं. वेळ सांगताना आपला दीड-अडीच डोक्यात गोंधळ घालतो, सरळ 'वन थर्टी', 'टू थर्टी' म्हणा, 'हाफ पास्ट' नंतर बघू.

ॲपचं विचारलंत तर कुठलंही चालेल, मी तरी नाव सुचवणार नाही. मला कागदाच्या चिठ्ठ्यांनी फायदा झाला. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली डब्यांची पद्धत आहे, ज्या चिठ्ठीचं उत्तर बरोबर आलं ती डब्याच्या पुढच्या कप्प्यात, ती उशिरा बघायची, जी अडली ती परत पहिल्या कप्प्यात, ती रोज. एका बाजूला मराठी प्रसंग, दुसऱ्या बाजूला इंग्लिश तुकडा. 'भूक' असं नाही लिहायचं, 'मला भूक लागलीये' लिहायचं.

आणि आजच्या आज घरातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि उलटे प्रश्न विचारायला सांगा, इंग्लिश येत नसेल तर कागदावर लिहून द्या. 'यू डिडन्ट स्लीप?' 'यू डोन्ट लाइक इट?' 'यू आर नॉट गोइंग?' दहा वेळा, भरभर. माझ्या मुलीने मला असं छळलं होतं, पहिल्या दहात मी सात चुकले. तुमचे किती चुकतात ते इथेच खाली लिहा.